दुःखाचे काम

घरात मृत्यू झालेला असो, जुळलेले लग्न मोडलेले असो, परीक्षेत अपयश आलेले असो की वीस वर्षांची नोकरी गेलेली असो, आज त्या माणसाच्या वाट्याला एकच सल्ला येतो : ‘पॉझिटिव्ह राहा.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण त्या सल्ल्याच्या मुळाशी मनाविषयीची एक पक्की समजूत आहे. आनंद ही मनाची निरोगी अवस्था, दुःख हा तिच्यातला बिघाड, आणि बिघाड जितक्या लवकर निघेल तितके बरे, अशी ती समजूत. शाळांमधली व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, कंपन्यांचे प्रशिक्षणवर्ग, सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार, सगळीकडे तीच पसरली आहे. ती उथळ आहे, आणि तिच्यामुळे माणसांना इजा होते, असे माझे म्हणणे आहे.

माझा मुद्दा असा. दुःख ही मनाची एक कामाची अवस्था आहे. हातातून गेलेल्या गोष्टीमागचे धावणे ती थांबवते, नेमके काय गेले ते पाहायला लावते, आणि आसपासच्या माणसांना हाक मारते. यातली पहिली दोन कामे माणूस एकट्याने कशीबशी उरकू शकतो. तिसरे काम मात्र दुसऱ्याने ओ दिल्याशिवाय पुरे होत नाही. म्हणून दुःखातून बाहेर पडण्याची सगळी जबाबदारी दुःखी माणसावरच टाकणे ही मानसशास्त्राची चूक आहे, आणि तितकीच नीतीचीही.

या लेखात दुःख हा शब्द मी काहीतरी गमावल्यावर येणाऱ्या उदासीसाठी आणि शोकासाठी वापरतो आहे. नैराश्य हा आजार वेगळा. त्याच्याकडे पुढे येतोच.

वेदना न कळणारे शरीर

दुःखाचा उपयोग काय, हा प्रश्न आधी शारीरिक वेदनेबद्दल विचारून पाहावा. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करत होते. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप गळतात, असे तोवर सर्रास मानले जाई. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ही हानी बहुतांशी संवेदना गेल्यामुळे होते. रुग्णाला तव्याचा चटका कळत नाही, चपलेत घुसलेला खिळा कळत नाही, चिघळलेल्या जखमेवर तो चालत राहतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहिले तेव्हापासून तिथल्या कार्यकर्त्यांनी बधिर हातपाय जपण्याची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे. वेदना हवीशी कोणालाच वाटत नाही. पण ती नसलेले शरीर स्वतःचा नाश करून घेते.

मनाचे असेच आहे, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. चटका कुठे बसला ते बोटाला कळते. दुःख मात्र सबंध आयुष्यावर मळभ धरते. पण या उदाहरणाने एक गैरसमज नक्कीच दूर होतो. एखादी अवस्था नकोशी वाटते एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही. तेव्हा दुःख प्रत्यक्षात कोणती कामे करते, ते एकेक करून तपासावे लागेल.

पहिले काम : थांबवणे

माणूस ज्या गोष्टींत जीव गुंतवतो त्या सहजासहजी सोडत नाही, आणि सोडू नये अशीच त्याची घडण आहे. पहिल्या अडथळ्याला हार मानणारा कुठेच पोहोचला नसता. पण कधी ना कधी असा क्षण येतो की, त्या वाटेवर पुढे काही उरलेले नसते. गेलेला माणूस परत येणार नसतो. बुडालेला धंदा आणखी कर्ज ओतून वर येणार नसतो. तिथे चिकाटी हाच दोष होऊन बसतो.

एरिक क्लिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये या सोडवणुकीचा क्रम मांडला. ध्येय हातातून निसटू लागले की माणूस आधी दुप्पट जोर लावतो. ते साधत नाही तेव्हा तो चिडतो. चिडूनही भागत नाही तेव्हा अंगातले बळ ओसरते, कशातच रस वाटेनासा होतो, आणि त्या ओसरलेल्या काळातूनच हळूहळू दुसऱ्या कशात तरी मन लागू लागते. म्हणजे ज्या मरगळीला आपण आळस किंवा दुबळेपणा म्हणतो, ती सुटण्याच्या प्रक्रियेतली एक पायरी आहे. ती वगळून थेट नव्या उमेदीवर उडी मारता येत नाही. उसना उत्साह आणून जुनेच दार ठोठावत राहिलेली माणसे आपल्या ओळखीत प्रत्येकाला आठवतील.

तुकारामांचे आयुष्य या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बसला. त्यांनी स्वतःच्या अभंगांत ही हानी आणि तिच्यापायी वाटलेली लाज लपवलेली नाही. वाण्याचा व्यवसाय नव्याने उभारायचा, थकलेली वसुली करायची, हा सरळ व्यवहारी मार्ग त्यांच्यापुढे होता. परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली आणि ते डोंगरावर एकांतात जाऊन बसू लागले. ‘तुकाराम घडले ते दुःखामुळे’ असे मी म्हणणार नाही. त्या दुष्काळाने हजारो माणसे नुसतीच मारली. पण जुन्या आयुष्याचा हात सुटल्याशिवाय नवे हातात आले नसते, आणि तो सोडवला दुःखाने.

दुसरे काम : पाहायला लावणे

हे काम थोडक्यात सांगतो, कारण याविषयीचा पुरावा रोचक असला तरी मर्यादित आहे. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जोसेफ फोर्गास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सिडनीच्या एका उपनगरातल्या लहानशा दुकानातला प्रयोग प्रसिद्ध केला. गल्ल्याजवळ प्लास्टिकचे प्राणी, खेळण्यातल्या गाड्या अशा किरकोळ वस्तू मांडल्या होत्या. कधी लख्ख ऊन आणि आनंदी संगीत, तर कधी पावसाळी आभाळ आणि शोकगंभीर संगीत. बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांना काय काय पाहिले ते विचारले, तेव्हा उदास दिवशी आलेल्यांना जास्त वस्तू अचूक आठवल्या. त्यांच्या इतर प्रयोगांत सौम्य उदास मनःस्थितीतली माणसे थापांना कमी भुलली आणि पहिल्या छापावरून दुसऱ्याची पारख करण्याची चूक त्यांनी कमी केली. खुशीत असलेले मन ‘ठीक चालले आहे’ असे धरून चालते. उदास मन तपशील तपासते.

यातून ‘दुःखी माणसालाच सत्य दिसते’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १९७९ मध्ये तशा अर्थाचे एक गाजलेले संशोधन झाले होते, पण पुढच्या काळात ते नीट टिकले नाही. शिवाय पाहणे वेगळे आणि उगाळणे वेगळे. १९८९ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद सुसान नोलन-होक्सेमा यांनी योगायोगाने घेऊन ठेवली होती. ज्यांना आपल्याच उदासीभोवती घिरट्या घालत राहायची सवय होती, ते भूकंपानंतर जास्त खचले आणि जास्त काळ खचलेले राहिले. ‘माझेच असे का होते’ हा प्रश्न माणसाला जागेवर फिरवत ठेवतो. ‘माझे नेमके काय गेले’ हा प्रश्न त्याला पुढे नेतो. बाप गेल्यावर काहींचा आधार जातो, काहींचा न मिटलेला वाद कायमचा अर्धवट राहतो, काहींचे गावाकडे जाण्याचे शेवटचे कारण संपते. नाव एकच असले तरी हानी वेगवेगळी. ती ओळखायला वेळ लागतो आणि तो वेळ दुःख मिळवून देते.

तिसरे काम : हाक

माझ्या मते दुःखाचा खरा अर्थ इथे आहे, आणि प्रचलित समजूत सर्वांत जास्त इथेच चुकते.

चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. दुःखात भुवयांची आतली टोके वर चढतात आणि कपाळाच्या मध्यभागी आठ्या पडतात, हे त्याने बारकाईने नोंदले. ते स्नायू मुद्दाम हलवणे फारच थोड्यांना जमते, हेही त्याच्या लक्षात आले. खोटे हसू कोणालाही आणता येते. खोट्या दुःखाचा चेहरा करणे अवघड. अश्रूंचे तर आणखी विशेष. डोळ्यांत धूळ गेली तर इतर प्राण्यांच्याही डोळ्यांना पाणी येते, पण भावनेने डोळे भरून येणे फक्त माणसात आढळते. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने रडणाऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून संगणकावर अश्रू तेवढे पुसून टाकले. तेच चेहरे पाहणाऱ्यांना कमी दुःखी वाटले. काही तर गोंधळलेले किंवा नुसते विचारात पडलेले भासले. दुःख जर पूर्णपणे खासगी बाब असती, तर ते चेहऱ्यावर इतके ठळक आणि लपवायला इतके कठीण का असावे? उत्क्रांतीने चेहऱ्यावर उमटवले आहे ते समोरच्याने वाचावे म्हणूनच.

हाकेला उत्तर मिळाले नाही तर काय होते, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या इस्पितळांत दिसले. लहान मुले भरती झाली की आईबापांना भेटीची परवानगी आठवड्यातून थोडा वेळ, कुठे कुठे तर मुळीच नाही. आई येऊन गेली की मूल रडते, म्हणून आईने न येणे बरे, असा परिचारिका आणि डॉक्टरांचा अनुभवाने बनलेला ग्रह होता. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी ही मुले शांतपणे पाहिली. पहिले काही दिवस मूल आकांत करते, दाराकडे पाहत राहते. मग आवाज बारीक होतो, मूल मलूल पडते, खेळत नाही. त्यानंतर एक दिवस ते ‘सुधारते’. खाऊ घेते, कोणाकडेही जाते, त्रास देत नाही. ‘रुळला आता,’ असे वॉर्डात म्हटले जाई. पण आई आली की ते मूल तिच्याकडे तोंड फिरवी, किंवा परक्याकडे पाहावे तसे पाही.

हे तीन टप्पे लक्षपूर्वक वाचावेत. रडणारे मूल अजून माणसांवर विश्वास ठेवून आहे. कोणी तरी येईल म्हणून ते रडते. शांत झालेल्या मुलाने तो विश्वास सोडला आहे. इस्पितळाला जी बरी होण्याची खूण वाटत होती, ती प्रत्यक्षात हाक मारणे संपल्याची खूण होती. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये इस्पितळातल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला, तेव्हा वैद्यकीय वर्तुळातून त्यावर बरीच टीका झाली. पण १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे अशी शिफारस केली, आणि आज आपल्याकडच्या बालरुग्ण विभागातही आईला खाटेजवळ थांबू देणे हे साधे शहाणपण मानले जाते.

मोठ्यांच्या बाबतीतही हेच. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा दीर्घ अभ्यास करून १९७८ मध्ये त्याचे पुस्तक केले. मोठी हानी किंवा अडचण सोसलेल्या सगळ्याच स्त्रिया नैराश्याच्या आजारात गेल्या नाहीत. ज्यांना मन मोकळे करण्याजोगे जवळचे कोणी नव्हते, त्या जास्त गेल्या. हानी दोघींची सारखी, फरक ऐकणाऱ्याचा.

आपल्याकडच्या बायांनी हे जाणले होते. पहाटे जात्यावर बसून गायलेल्या ओव्या गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांत माहेराची ओढ आहे, सासुरवास आहे, गेलेले लेकरू आहे, दारुड्या नवऱ्याचा जाच आहे. घरात जे बोलायची सोय नव्हती ते जात्यापाशी बोलता येई, आणि शेजारी खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई ते ऐके, पुढची ओवी जोडे. एकीच्या तोंडची ओवी कित्येक गावांत कित्येक तोंडी गेली, कारण ती ऐकणारीला आपलीच वाटली. गिरणी आली, कष्ट वाचले, ते उत्तमच झाले. पण ते ऐकणे कुठे गेले, याचा हिशेब आपण ठेवला नाही.

उत्तर देण्याच्या रीती

समाजाने दुःखाला उत्तर देण्याच्या रीती बसवल्या, त्या भाबडेपणातून नव्हे. मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. अंत्यविधीहून परतल्यावर शेजारपाजारचे किंवा भावकीतले पिठले-भाकरी आणतात आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावतात. अनेक भागांत त्याला कडू घास म्हणतात. भुकेची जाणीवच नसलेल्या माणसाला शेजारीण भाकरीचा तुकडा मोडून हातात देते, ‘एवढा तरी घे’ म्हणते, आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहते. त्यात उपदेश नसतो. पुढे दहावा, तेरावा, मग सोयऱ्यांनी येऊन दुखवटा काढणे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी येते आणि शोकातल्या माणसाला एकेक पाऊल बाहेर काढते. घरातल्यांनी या दिवसांत कामावर जाऊ नये, सण करू नये, ही सक्तीही होती आणि सवलतही.

पण या रीतींचे गोडवे गाताना त्यांनी स्त्रियांवर काय लादले ते विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, केशवपन, मंगलकार्यातून हद्दपारी, ही दुःखाला दिलेली उत्तरे नव्हती. एका बाईच्या दुःखाचा वापर करून तिला आयुष्यभर शिक्षा देण्याची ती व्यवस्था होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. एवढा काळ जावा लागला. दुःख लादणे आणि दुःख दाबणे यांत मला एकच दोष दिसतो : दोन्हीकडे समोरच्या माणसाला काय वाटते आहे ते कोणी विचारत नाही. विधवेला आयुष्यभर रड म्हणणारा समाज आणि आज तिला महिन्याभरात ‘मूव्ह ऑन’ हो म्हणणारा समाज, दोघेही तिचे ऐकत नाहीत.

आज रीती झपाट्याने आक्रसत आहेत. तेराव्याचा विधी तिसऱ्या दिवशी आटोपतो, बहुतेक खासगी नोकऱ्यांत सुट्टी मोजून मिळते, ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या चाळीस ओळी उमटतात आणि संध्याकाळपर्यंत दुसरा विषय सुरू होतो. विधी गेले याचे मला फारसे वाईट वाटत नाही. विधींच्या पोटात माणसांचे जे येणे-बसणे होते त्याची जागा कशानेच घेतली नाही, ही माझी तक्रार आहे.

आक्षेप

पहिला आक्षेप : उत्क्रांतीच्या नावावर कशाचाही ‘उपयोग’ सांगता येतो. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक दुःख उपयोगी असते, असा दावा मी करत नाही. रँडॉल्फ नेसी हे मनोविकारतज्ज्ञ याच विषयावर आयुष्यभर काम करूनही बजावतात की, एखाद्या भावनेची क्षमता उपयोगी असणे वेगळे आणि तिचा प्रत्येक झटका उपयोगी असणे वेगळे. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा थोडी जास्तच तत्पर असणे परवडते, त्यामुळे ती पुष्कळदा विनाकारण वाजते. पण ती कधी कधी उगीच वाजते म्हणून तिची तारच तोडून टाकणे हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप : दुःखी माणसाचे निर्णय चुकतात. खरे आहे. जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की, उदास मनःस्थितीतली माणसे पुढच्या मोठ्या रकमेवर पाणी सोडून आत्ता मिळणारी लहान रक्कम स्वीकारतात. मनातला रितेपणा लगेच भरायची घाई त्यांना असते. यावरून एवढेच निघते की, दुःख हा मागचे पाहण्याचा काळ आहे, व्यवहाराचा नाही. घर विकणे, नोकरी सोडणे, जमिनीची वाटणी, हे त्या दिवसांत करू नये, आणि करून घेणाऱ्या नातेवाइकांना इतरांनी अडवावे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : दुःखाचे असे समर्थन केले तर नैराश्याचे रुग्ण उपचाराकडे फिरकणार नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. अशा देशात दुःखाचे गोडवे गाणे धोक्याचे आहे, हे मी मानतो. म्हणूनच भेद स्पष्ट करायला हवा. दुःखाच्या लाटा येतात आणि ओसरतात. गेलेल्याची गोष्ट सांगताना मध्येच हसूही येते. जवळच्याने पाठीवर हात ठेवला तर तो पोहोचतो. नैराश्यात दिवसचे दिवस तीच राखाडी स्थिती राहते, झोप आणि भूक जाते, आपण कवडीमोल आहोत असे वाटू लागते, मरणाचे विचार येतात, आणि पाठीवरचा हात पोहोचेनासा होतो. फोर्गास यांच्या प्रयोगातली सौम्य उदासी आणि ही अवस्था एका मापाने मोजता येत नाहीत.

रेषा नेमकी कुठे ओढायची यावर वैद्यकातही वाद आहेत. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत जवळच्याचा मृत्यू झाल्यावर काही काळ नैराश्याचे निदान करू नये असा अपवाद होता. २०१३ च्या आवृत्तीत तो वगळला गेला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत वर्षभरानंतरही न ओसरणाऱ्या, जगणे अशक्य करणाऱ्या शोकाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. अॅलन हॉरविट्झ आणि जेरोम वेकफिल्ड यांनी २००७ मध्येच इशारा दिला होता की, परिस्थिती न पाहता नुसती लक्षणे मोजली तर साधे दुःखही आजारात जमा होईल. मला त्यांचे बरेचसे पटते. पण आपल्याकडे उलट चूकही तितकीच मोठी आहे. इथे आजारी माणसालाही ‘मन घट्ट कर’ म्हणून घरी बसवले जाते. दुःखाला आजार म्हणणे आणि आजाराला दुबळेपणा म्हणणे, या दोन्ही चुका टाळायच्या तर शेजारी बसून पाहणारे कोणीतरी लागतेच. दोन महिन्यांपूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस यांतला फरक त्यालाच कळतो.

आणखी एक आक्षेप येईल : आनंदी राहण्याचा प्रयत्न करण्यात वाईट काय? प्रयत्नात वाईट काही नाही, सक्तीत आहे. आयरिस मॉस यांनी २०११ मध्ये दाखवले की, आनंदाला फार मोल देणारी माणसे अनुकूल परिस्थितीतही कमी समाधानी असतात, कारण अपेक्षेइतका आनंद झाला नाही याचेच त्यांना वाईट वाटते. ब्रॉक बास्टियन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासांत, समाज आपल्याकडून दुःखी नसण्याची अपेक्षा करतो असे ज्यांना वाटत होते त्यांना उदासीचा त्रास जास्त झाला. म्हणजे मूळ दुःखावर ‘मला दुःख का होते’ या लाजेचे ओझे चढते. ‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याची ही किंमत आहे.

हाक कशाबद्दल आहे?

प्रचलित समजुतीचा सर्वांत मोठा तोटा सामाजिक आहे. दुःख हा मनातला बिघाड ठरला की दुःखाचे कारण पाहण्याची गरज संपते. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची कपाशी बोंडअळीने खाल्ली, सोयाबीन भिजले, भाव पडला, बँकेचे पीककर्ज थकले म्हणून सावकाराकडून उचल घेतली, आणि तो गप्प गप्प राहू लागला. त्याला समुपदेशन मिळायलाच हवे; त्याने जीव वाचतात. पण त्याच्या मनाची दुरुस्ती करून त्याला त्याच भावाला, त्याच व्याजाला, त्याच बेभरवशाच्या पाण्याला सामोरे धाडणे म्हणजे हाक ऐकून हाक मारणाऱ्याचे तोंड बंद करणे आहे. त्याचे दुःख बरोबर आहे. शेतीच्या व्यवहारात काय बिघडले आहे याची ती खबर आहे. बदल्यांच्या धाकात जगणारी शिक्षिका, वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षा देत पुण्यातल्या खोलीत वय वाढवणारा मुलगा, दिवसाला बारा तास राबून ‘तणाव व्यवस्थापना’च्या शिबिरात बसवलेला कर्मचारी, यांच्याबाबतही हाच प्रश्न विचारला पाहिजे : यांच्या मनाचे काय करायचे हे ठरवण्याआधी, ते ज्याबद्दल दुःखी आहेत त्याचे आपण काय करणार आहोत?

तेव्हा वाचकांना माझी विनंती अगदी साध्या गोष्टींची आहे. ज्याच्या घरी काही गमावले गेले आहे त्याच्याकडे जाताना सल्ला घेऊन जाऊ नका. जेवणाचा डबा न्या, बँकेची आणि तहसीलची कामे अंगावर घ्या, गेलेल्या माणसाचे नाव टाळू नका. तो माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, मरणाची भाषा करत असेल तर त्याला घेऊन डॉक्टरकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनाशुल्क मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. आणि एकदा जाऊन आलात म्हणजे झाले असे समजू नका. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जा, कारण तोवर बाकीच्यांचे येणे थांबलेले असते.